रक्ताचा थेंब आणि पोटातला कारखाना



वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराच्या अलीकडे वालीव नावाचे गाव आहे. पालघर जिल्ह्यातले हे गाव आता वसई-विरार महानगरपालिकेत येते. येथे लहानमोठ्या कारखान्यांचे गाळे ओळीने उभे आहेत. कल्पना करा, अशाच एका गाळ्याच्या फाटकाबाहेर तुम्ही उभे आहात. आत जायला परवानगी नाही. पण आतले काम सुरळीत चालले आहे की काही बिघाड झाला आहे, आणि झाला असेल तर तो किरकोळ आहे की भारी, हे तुम्हांला ओळखायचे आहे. काय कराल?

थोडा विचार केलात तर युक्ती सुचेल. गटारातून बाहेर येणारे पाणी पाहाल. फाटकाशी मोडक्यातोडक्या सामानाचा ढीग पडला आहे का, ते पाहाल. बंबाच्या गाड्या आत धावताहेत का, ते पाहाल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दिवसभरात तयार माल भरलेले किती टेंपो बाहेर पडले, ते मोजाल.

आपले पोट हाही असाच एक बंद कारखाना आहे. जठर, आतडी, यकृत, स्वादुपिंड हे त्याचे निरनिराळे विभाग. डॉक्टर पोट हाताने चाचपतात, सोनोग्राफी करतात, गरज पडली तर दुर्बीण घालून पाहतात. पण या सर्व विभागांतून सतत फिरून येणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे रक्त. ते प्रत्येक विभागाची बातमी घेऊन बाहेर येते. म्हणून हाताच्या शिरेतून काढलेले चमचाभर रक्त फाटकाबाहेरच्या पाहणीचे काम करते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ‘रोग कोणता?’ हा एक प्रश्न आणि ‘रोग किती जोरात आहे?’ हा दुसरा. दोन्हींची उत्तरे एकाच आकड्यातून मिळतीलच असे नाही. या लेखात आपण मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

आधी एक कोडे

समजा, वालीवला राहणाऱ्या तुमच्या एका मित्राला भर पावसाळ्यात कावीळ झाली. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नाची शिसारी. नाक्यावरच्या प्रयोगशाळेत रक्त तपासले. एस.जी.पी.टी. नावाच्या तपासणीचा आकडा आला १,८००. निरोगी माणसात तो साधारण ४० च्या आत असतो. घरचे घाबरून गेले. सहा दिवसांनी पुन्हा तपासणी केली. आकडा उतरून ३०० झाला होता. घरच्यांना हायसे वाटले. पण मित्र मात्र दिवसभर सुस्त पडून होता, आणि विचारल्या प्रश्नाची उत्तरे असंबद्ध देत होता.

डॉक्टरांनी ३०० हा आकडा पाहिला. पण त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी त्याच कागदावरचा दुसरा एक आकडा पाहिला आणि मुलाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात हलवायला सांगितले. तो दुसरा आकडा कोणता? आणि एस.जी.पी.टी. उतरूनही डॉक्टर निश्चिंत का झाले नाहीत? उत्तर शोधण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

आटलेले रक्त

१८१७ साली बंगालमधून पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, भयंकर साथ उठली आणि पुढच्याच वर्षी ती मुंबईत पोहोचली. महाराष्ट्रात गावोगावी मरीआईची ठाणी आहेत. लोकांना या रोगाची किती धास्ती होती, हे त्यांवरून कळते. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी दगावायचा. असे का होते, हे मात्र कोणालाच कळत नव्हते.

ही साथ इंग्लंडला पोहोचली तेव्हा, १८३१-३२ साली, विल्यम ओशॉनेसी या तरुण आयरिश डॉक्टरने रोग्यांचे रक्त तपासले. त्यातले पाणी आणि क्षार फार मोठ्या प्रमाणात नाहीसे झाल्याचे त्याला आढळले. आतड्यांचे गटार उघडे पडले होते, आणि त्यातून रक्तातलेच पाणी वाहून जात होते. हाच ओशॉनेसी पुढे हिंदुस्थानात आला आणि त्याने येथे तारायंत्राचे जाळे उभारले. १८३२ साली टॉमस लाटा या स्कॉटिश डॉक्टरने पटकीच्या रोग्यांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडून पाहिले. मरणाच्या दारातले काही रोगी उठून बसले. तरीही ही रीत पुढे बराच काळ मागे पडली.

२० व्या शतकाच्या पहिल्या दशकात कलकत्त्याला लेनर्ड रॉजर्स या डॉक्टरने तिला नवे रूप दिले. पाणी किती द्यायचे, हे ठरवण्यासाठी त्याने एक साधी युक्ती वापरली. दूध आटवले की बासुंदी दाट होते. तसेच पाणी गेले की रक्त दाट होते, कारण पेशी आणि प्रथिने मागे उरतात. रॉजर्सने लहान लहान बाटल्यांत ग्लिसरीन आणि पाणी यांची चढत्या घनतेची मिश्रणे भरून ठेवली. रोग्याच्या रक्ताचा थेंब एकेका बाटलीत सोडायचा. मिश्रण हलके असेल तर थेंब बुडतो, जड असेल तर तरंगतो. ज्या बाटलीत तो अधांतरी राहील, तिची घनता तीच रक्ताची घनता! घनता जितकी जास्त, तितके रोग्याला पाणी जास्त द्यायचे. या उपचाराने रॉजर्सच्या रोग्यांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले.

ही युक्ती तुम्ही कदाचित डोळ्यांनी पाहिलीही असेल. रक्तदान शिबिरात दात्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तो निळ्या द्रवात सोडण्याची पद्धत आहे. तो निळा द्रव म्हणजे मोरचुदाचे पाणी. त्याची घनता १.०५३ ठेवलेली असते. थेंब खाली बुडाला तर दात्याच्या रक्तात हिमोग्लोबिन पुरेसे आहे असे समजतात.

आज पटकी किंवा जुलाबाच्या रोग्यात रक्तपेशींचे शेकडा प्रमाण, सोडियम, पोटॅशियम, युरिया, क्रिएटिनिन हे सर्व मोजता येते. पोटॅशियम फार उतरले तर हृदयाचे ठोके बिघडतात; युरिया आणि क्रिएटिनिन वाढले तर मूत्रपिंडांना रक्त कमी पडते आहे असे समजावे. पण गंमत अशी, की जुलाबात पाणी आणि मीठ बरोबरीने गेले तर सोडियमचा आकडा जवळजवळ नेहमीसारखाच दिसतो! म्हणून खोल गेलेले डोळे, चिमटा सोडल्यावर सावकाश सपाट होणारी कातडी आणि थांबलेली लघवी या खुणांना आजही पहिला मान आहे. अशा वेळी तपासणीची वाट पाहत बसायचे नसते. मीठ-साखरेचे पाणी, म्हणजे जलसंजीवनी, लगेच सुरू करायची असते.

सांडलेले ताक

आता दुसरा प्रसंग. जठरातला व्रण फुटून आत रक्त वाहू लागले. लगेच रक्त तपासले तर हिमोग्लोबिन किती उतरलेले दिसेल? उत्तर ऐकून नवल वाटेल: बहुधा फारसे उतरलेले दिसणार नाही.

एका हंड्यात ताक आहे. त्यातले निम्मे सांडले. उरलेले ताक पातळ झाले का? नाही. ते पूर्वीइतकेच दाट आहे. फक्त कमी आहे. त्यात पाणी ओतल्यावर मात्र ते पातळ होईल. शरीरातही तसेच घडते. रक्त गेल्यावर आजूबाजूचे पाणी हळूहळू रक्तवाहिन्यांत येते, आणि मग काही तासांनी हिमोग्लोबिनचा आकडा खाली येतो. म्हणून पहिल्या आकड्यावर विसंबून राहिले तर घात होऊ शकतो.

पण येथे दुसरा एक साक्षीदार मदतीला येतो. जठरात सांडलेले रक्त आतड्यात उतरते आणि तेथे चक्क अन्नासारखे पचते. रक्तात भरपूर प्रथिने असतात. ती पचली की त्यांपासून यकृतात युरिया तयार होतो. त्यामुळे क्रिएटिनिन फारसे न वाढता युरिया वाढला, तर वरच्या पचनमार्गात रक्तस्राव होत असावा असा संशय घेता येतो. युरिया, हिमोग्लोबिन, नाडी, रक्तदाब आणि इतर काही लक्षणे यांना गुण देऊन रोग्याला दाखल करायचे की नाही, हे ठरवण्याची एक रीत २००० साली ग्लासगोच्या डॉक्टरांनी सुचवली. ती आजही वापरात आहे.

बंब कुठे धावले?

आतड्याला सूज आली, दाह झाला, की शरीर बंबाच्या गाड्या धाडते. पांढऱ्या पेशींची संख्या वाढते. निरोगी माणसात त्या दर घन मिलिमीटरला ४,००० ते ११,००० असतात. आंत्रपुच्छाला सूज आली की त्या बहुधा वाढतात. मात्र विषमज्वरात, म्हणजे टायफॉइडमध्ये, रोग जोरात असूनही पांढऱ्या पेशी नेहमीइतक्या किंवा कमीसुद्धा असू शकतात. तेव्हा एकट्या या आकड्यावर निकाल देता येत नाही.

दुसरी तपासणी ई.एस.आर. म्हणजे तांबड्या पेशींच्या अवसादनाचा वेग. एका उभ्या नळीत न गोठणारे रक्त भरून तासभर ठेवतात आणि पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजतात. दाह असला की यकृत फायब्रिनोजेन हे प्रथिन जास्त बनवते. त्यामुळे पेशी रुपयांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात. चळत एकट्या नाण्यापेक्षा लवकर बुडते, म्हणून वेग वाढतो. आजची पद्धत स्वीडनच्या फोरियस आणि वेस्टरग्रेन यांनी १९२० च्या सुमारास रूढ केली.

तिसरी तपासणी सी.आर.पी. या प्रथिनाची. ते १९३० साली न्यूयॉर्कला टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात सापडले. दाह सुरू झाल्यावर काही तासांतच ते वाढते, दोन दिवसांत शिखर गाठते आणि दाह शमला की भराभर उतरते. ई.एस.आर. मात्र सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो. म्हणून आजची बातमी सी.आर.पी. चांगली सांगते.

या आकड्यांचा उपयोग कसा करायचा, याचा उत्तम नमुना १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी घालून दिला. मोठ्या आतड्यात व्रण पडून रक्ताचे जुलाब होण्याचा एक चिवट रोग आहे. त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. या रोगात कॉर्टिझोन उपयोगी पडते का, हे तपासताना सौम्य रोगी आणि गंभीर रोगी वेगळे करणे त्यांना आवश्यक होते. त्यांनी खुणा ठरवल्या: दिवसातून किती वेळा रक्ताचे जुलाब होतात, ताप किती, नाडी किती, हिमोग्लोबिन किती आणि ई.एस.आर. किती. महागडे यंत्र त्यांत एकही नव्हते. थोड्याफार फरकाने हीच मोजपट्टी आजही जगभर वापरतात. दिवसात सहा किंवा अधिक रक्ताचे जुलाब आणि त्यासोबत ९० च्या वर नाडी, ३७.८ अंशांच्या वर ताप, १०.५ च्या खाली हिमोग्लोबिन किंवा ३० च्या वर ई.एस.आर. यांपैकी एक जरी खूण असली, तरी रोग्याला रुग्णालयात ठेवतात.

पोटात तयार होणारा साबण

स्वादुपिंड हा पाचकरस बनवणारा विभाग. पित्तखड्यामुळे किंवा दारूमुळे त्याला तीव्र सूज आली, तर तो रस बाहेर जाण्याऐवजी स्वतःच्याच भिंती पचवू लागतो. अशा वेळी रक्तातले अमायलेज आणि लायपेज हे पाचकद्रव वाढतात. ते तिपटीहून जास्त वाढले, तर रोगाचे निदान करायला मोठा आधार मिळतो. पण दहापट वाढले म्हणजे रोग जास्त गंभीर, असे मात्र नाही! पाहा, ‘कोणता?’ आणि ‘किती?’ या दोन प्रश्नांतला फरक येथे किती स्पष्ट दिसतो.

‘किती?’ याचे उत्तर १९७४ साली न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक जॉन रॅन्सन यांनी शोधले. त्यांनी ११ खुणा निवडल्या: पाच दाखल होताना पाहायच्या आणि सहा पुढच्या ४८ तासांत. त्यांपैकी बहुतेक साध्या रक्ततपासणीतूनच मिळतात: पांढऱ्या पेशी, साखर, युरिया, कॅल्शियम वगैरे. तीन किंवा अधिक खुणा जुळल्या तर रोग गंभीर समजायचा.

यांत कॅल्शियम कशाला? कारण मोठे मजेदार आहे. गळालेला लायपेज पोटातली चरबी फोडतो. त्यातून सुटलेली मेदाम्ले रक्तातल्या कॅल्शियमशी संयोग पावतात आणि चक्क साबण तयार होतो! कठीण पाण्यात साबण घातल्यावर जो साका तयार होतो, तोच हा पदार्थ. शस्त्रक्रियेच्या वेळी खडूसारखे पांढरे ठिपके दिसतात, ते याचेच. कॅल्शियम उतरण्याचे हे एक कारण. म्हणून कॅल्शियम फार उतरले की आत बरीच नासधूस झाली असावी असा अंदाज बांधता येतो.

कोड्याचे उत्तर

आता आपल्या काविळीच्या मित्राकडे वळू या. पावसाळ्यात सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले की ‘अ’ आणि ‘ई’ या जातींच्या विषाणूंची कावीळ पसरू शकते. १९५५-५६ साली दिल्लीत अशी प्रचंड साथ आली होती. सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्या रोग्यांचे रक्तरस जपून ठेवलेले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या पथकाने ते नव्या चाचण्यांनी तपासले आणि हा रोग ‘अ’ किंवा ‘ब’ विषाणूचा नव्हता, हे १९८० साली दाखवून दिले. तो ‘ई’ विषाणू होता, हे पुढे कळले. कोल्हापुरातल्या पाण्यातून पसरलेल्या काविळीच्या साथीचाही याच संस्थेने अभ्यास केला. जुन्या रक्ताचीही साक्ष अशी कामी येते.

आता ते आकडे. एस.जी.पी.टी. हे यकृताच्या पेशींच्या आत राहणारे द्रव्य आहे. पेशी फुटल्या की ते रक्तात सांडते. म्हणजे हा फाटकाबाहेरचा भंगाराचा ढीग! तो मोठा असला तर आत मोडतोड झाली, एवढेच कळते. कारखाना चालू आहे की बंद, हे त्यावरून कळत नाही.

मग टेंपो कोणते? यकृत रक्त गोठवणारी प्रथिने बनवते. ती पुरेशी बनत आहेत का, हे प्रोथ्रॉम्बिन काल या तपासणीने कळते. ही तपासणी आर्मंड क्विक या अमेरिकन डॉक्टरने १९३५ साली शोधली. रक्तद्रवात ठरावीक द्रव्ये घालून तो किती सेकंदांत गोठतो, ते पाहायचे. निरोगी माणसात साधारण ११ ते १३ सेकंद लागतात. यकृताने माल बनवणे थांबवले, की हा काल वाढतो. यातले एक प्रथिन काही तासांतच संपणारे असते, म्हणून यकृताची आजची स्थिती लगेच कळते. याउलट अल्ब्युमिन हे यकृतातच बनणारे दुसरे प्रथिन सुमारे तीन आठवडे टिकते. ते दीर्घकाळ चाललेल्या आजाराची कहाणी सांगते, आजची नव्हे.

तुमच्या मित्राचा एस.जी.पी.टी. उतरला होता. पण त्याचा प्रोथ्रॉम्बिन काल वाढून दुप्पट झाला होता. भंगार कमी झाले, कारण मोडायला फारसे काही उरलेच नव्हते! आणि मालाचे टेंपो थांबले होते. सुस्ती आणि असंबद्ध बोलणे यांवरून विषारी द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचू लागल्याचे दिसत होते. डॉक्टरांनी घाई केली ती म्हणून. हेच सर्व उलट असते, म्हणजे एस.जी.पी.टी. १,८०० पण प्रोथ्रॉम्बिन काल १२ सेकंद आणि मुलगा हुशारीत, तर काळजीचे कारण पुष्कळच कमी होते.

पित्त आतड्यात येणे अडले तर ‘के’ जीवनसत्त्व शोषले जात नाही, आणि त्यामुळेही हा काल वाढतो. म्हणून डॉक्टर त्या जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देऊन तपासणी पुन्हा करतात. काल सुधारला तर यकृत शाबूत आहे. नाही सुधारला तर प्रकरण गंभीर आहे.

आपल्याकडे काविळीवर गळ्यात माळ घालण्याची रीत अजून दिसते. ‘अ’ आणि ‘ई’ जातींची कावीळ बहुतेकांत आपोआपच बरी होते, आणि श्रेय मात्र माळेला मिळते. पण थोड्या रोग्यांत, विशेषतः ‘ई’ काविळीत गरोदर स्त्रियांमध्ये, यकृत भराभर निकामी होते. कोणाचे होणार, हे माळ सांगू शकत नाही. सेकंद मोजणारी ती साधी नळी पुष्कळदा वेळेवर सांगते.

करून पाहा

रॉजर्सची युक्ती तुम्ही घरी करू शकता. सात सारखे पेले घ्या. प्रत्येकात सारखे पाणी भरा. पहिल्यात मीठ नको. पुढच्यांत अनुक्रमे १, २, ३, ४, ५ आणि ६ चहाचे चमचे मीठ विरघळवा. आता बटाट्याचा एक लहान तुकडा कापून एकेका पेल्यात सोडा. तो कोणत्या पेल्यापर्यंत बुडतो आणि कोणत्यापासून तरंगतो? दोघांच्या मध्ये त्याची घनता आहे. मग दुसरा तुकडा दोन दिवस उन्हात वाळवून हाच प्रयोग पुन्हा करा, आणि फरक का पडला याचा विचार करा.

शेवटी एक सूचना. घरी कोणाचा तपासणीचा कागद आला, की ठळक छापलेला आकडा पाहून घाबरू नका आणि उतरलेला आकडा पाहून निर्धास्तही होऊ नका. कागदावरच्या आकड्यापुढे तीन प्रश्न लिहा: हा ढिगाचा आकडा की टेंपोचा? काल किती होता आणि आज किती आहे? आणि रोगी स्वतः कसा दिसतो? मग ते प्रश्न घेऊन डॉक्टरांकडे जा. चांगले डॉक्टरही निर्णय घेताना हेच तीन प्रश्न स्वतःला विचारत असतात.